रेसच्या घोड्यात पहिल्यांदा पैसे घालताय? मालकांच्या संघटनेपर्यंतचा रस्ता, पायरी पायरीने

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला, म्हणजे मुंबईच्या रेसकोर्सवर, डर्बी ही सीझनची सगळ्यात मोठी रेस झाली की पुढच्या आठवड्यात मला दोन-चार ओळखीच्यांचे फोन येतातच, अरे आपण पण एक घोडा घेऊया का, केवढ्याला पडतो. मी त्यांना सांगतो की केवढ्याला पडतो ते नंतर बघू, आधी महिन्याचं बिल किती येतं आणि ते कोण कोण भरणार ते बोला. घोडा एकदाच विकत घ्यायचा असतो पण बिल दर महिन्याला येतं, घोडा जिंकला तरी येतं आणि पाय सुजून तीन महिने तबेल्यात उभा राहिला तरी येतं. मी पुण्यात एका फिलीमध्ये, म्हणजे तरुण घोडीमध्ये, आठ जणांच्या भागीदारीत एक हिस्सा घेऊन सुरुवात केली आणि जे काही शिकलो ते त्या बिलांतून आणि मालकांच्या संघटनेत बसणाऱ्या जुन्या लोकांकडून शिकलो, म्हणून हा लेख बिलाच्या बाजूने लिहितोय. सगळं मुंबई-पुण्याचं आहे, बंगळूर-हैदराबाद-चेन्नई-कोलकात्याचे क्लब आणि त्यांचे नियम वेगळे.

तीन दारं वेगळी आहेत, आधी हे समजून घ्या

नवीन माणसाचा गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे रेस चालवतो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब, सगळे नुसतं क्लब म्हणतात. त्यांच्याकडे ओनर म्हणून नोंदणी करणं ही एक गोष्ट, क्लबची मेंबरशिप ही दुसरी, आणि मालकांच्या किंवा ट्रेनरांच्या संघटनेची मेंबरशिप ही तिसरी. घोडा पळवायचा तर पहिली लागतेच लागते, तिच्याशिवाय तुमच्या नावावर घोडा पळत नाही. क्लबची मेंबरशिप नसली तरी घोडा पळवता येतो, ती महाग आहे, तिथे घाई करू नका. संघटनेची मेंबरशिप कोणी सक्तीने घ्यायला लावत नाही आणि म्हणूनच बरेच नवीन मालक ती घेतच नाहीत, मग अडचण आली की संघटनेचा माणूस शोधत फिरतात.

हे तीन दारांचं किती महत्त्वाचं आहे त्याचं उदाहरण अगदी ताजं आहे. महालक्ष्मीच्या जागेची लीज २०१३ मध्ये संपली होती आणि पुढची दहा वर्षं नुसती चर्चा चालली. शेवटी २०२४ मध्ये ठरलं की २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेच्या पार्कसाठी जाणार आणि ९१ एकर क्लबकडे २०५३ पर्यंत राहणार. त्या प्रस्तावावर जानेवारी २०२४ मध्ये मतदान झालं ते क्लबच्या मेंबरांचं. ज्यांचे घोडे त्याच आवारातल्या तबेल्यांत उभे होते पण क्लबची मेंबरशिप नव्हती त्या मालकांना मत नव्हतं, आणि तबेले पाडणार की हलवणार, नवीन कुठे बांधणार हा प्रश्न तर थेट त्यांच्या घोड्यांचा होता. अशा वेळी मालकाचा आवाज पोचवायला संघटनाच लागते, एकट्याच्या पत्राला कोण विचारतंय.

पहिली पायरी: एक सीझन नुसतं बघा

पुण्याचा सीझन साधारण जुलै ते ऑक्टोबर आणि मुंबईचा नोव्हेंबर ते एप्रिल, घोडे सीझनप्रमाणे दोन्हीकडे ये-जा करतात. सुरुवात करायला पुणं सगळ्यात चांगलं, लष्कर भागातल्या रेसकोर्सवर पावसाळ्यात सकाळी सकाळी घोड्यांचं वर्क, म्हणजे पळण्याचा सराव, चालतं ते कोणीतरी ओळखीच्या ट्रेनरला विचारून बघायला जा. संध्याकाळची रेस दीड मिनिटात संपते, पण सकाळचं वर्क, नंतर घोडा फिरवून थंड करणं, पाणी, खरारा, चंदी म्हणजे घोड्याचा खुराक, नालबंदाचं काम हे बघितलं की पैसे कुठे जातात ते आपोआप समजतं. पाचशे किलोच्या आसपासचं जनावर असतं, त्याला ओट, बार्ली, कोंडा, लसूणघास, सुकं गवत लागतं, तीन-चार आठवड्यांनी नाल बदलावे लागतात, आणि प्रत्येक घोड्याच्या मागे सईस, म्हणजे त्याची देखभाल करणारा माणूस, असतो, त्याचा पगार असतो. सईसाशी बोला. घोडं रात्री नीट खातंय का, कुठला पाय धरतंय, हे सगळ्यात आधी त्याला कळतं, मालकाला शेवटी.

दुसरी पायरी: घोड्याच्या आधी ट्रेनर शोधा

बहुतेक जण उलटं करतात, आधी घोडा आवडतो आणि मग तो कोणाकडे ठेवायचा ते ठरवतात. घोडा क्लबचं लायसन्स असलेल्या ट्रेनरकडेच ठेवावा लागतो, घरी किंवा फार्मवर ठेवून रेसला आणता येत नाही. आपल्याकडे नावाजलेले ट्रेनर आहेत, पेसी श्रॉफ यांच्यासारखे जे आधी जॉकी म्हणून गाजले आणि मग ट्रेनर झाले, पण मोठ्या ट्रेनरकडे तुमचा एक अष्टमांश घोडा म्हणजे पन्नास-साठातला एक असू शकतो हे लक्षात घ्या. लहान तबेल्यात फोन उचलला जातो. दोन्हीत फायदे-तोटे आहेत आणि माझं मत विचाराल तर पहिल्या घोड्यासाठी जो ट्रेनर वाईट बातमी स्वतःहून फोन करून सांगतो तो निवडा.

ट्रेनरला भेटायला गेलात की मागच्या तीन महिन्यांची एखाद्या घोड्याची बिलं दाखवा म्हणावं, मालकाचं नाव झाकून दाखवली तरी चालेल. त्यात ट्रेनिंग फी वेगळी, डॉक्टर आणि औषधं वेगळी, नालबंद वेगळा, मुंबई-पुणे वाहतूक वेगळी, एन्ट्री फी वेगळी असते, आणि जॉकीची रायडिंग फी प्रत्येक रेसला. घोडा जिंकला तर स्टेकमनीतून, म्हणजे बक्षिसाच्या रकमेतून, ट्रेनर आणि जॉकीचा ठरलेला टक्का जातो. एकच आकडा सांगून "यात सगळं आलं" म्हणणाऱ्याला परत परत विचारा की कशात काय आलं.

तिसरी पायरी: लहान हिस्सा घ्या, पण कागदावर घ्या

आपल्याकडे तीन पद्धती चालतात. घोडा पूर्ण विकत घेणं, भागीदारीत घेणं, किंवा स्टड फार्मकडून, म्हणजे घोड्यांची पैदास करणाऱ्या फार्मकडून, लीजवर घेणं, ज्यात घोडी रेस करते तोवर तुमच्या नावावर पळते आणि नंतर पिलांसाठी परत फार्मला जाते. चांगल्या वंशाच्या फिली लीजवर मिळतात कारण ब्रीडरला ती पुढे शिंगरांसाठी हवी असते, त्याचा स्टेकमनीतला हिस्सा किती ते मात्र लीजच्या कागदात बघून घ्या. पुण्याच्या आसपास जुने स्टड फार्म आहेत, पूनावालांचा आहे, मांजरी आहे, मावळात नानोली आहे. फार्मवर जाऊन घोडा बघायला मिळाला तर बरोबर स्वतःचा डॉक्टर न्या, विकणाऱ्याचा नको.

आता कागदाचं. ही गोष्ट मी जरा ताणून सांगणार आहे कारण माझ्या जवळच्या मित्राचे पैसे यात गेले. त्याला एकाने व्हॉट्सअॅपवर "माझ्या घोड्यात दहा टक्के तुझे" असं म्हणून पैसे घेतले, दर महिन्याला बिलाचे पैसेही तो ऑनलाइन पाठवत होता, घोडा पुण्यात दोनदा जिंकला आणि याने विचारलं माझा हिस्सा कधी येणार, तर कळलं की क्लबच्या रजिस्टरमध्ये याचं नावच नाही. क्लब स्टेकमनी देतो तो नोंदलेल्या मालकाच्या खात्यात, बाहेर कोणी कोणाला काय कबूल केलंय त्याच्याशी क्लबला घेणं नाही. मित्राकडे करार नव्हता, नुसते मेसेज होते. वकिलाने सांगितलं केस करता येईल पण खर्च जास्त होईल, आणि त्याने सोडून दिलं. म्हणून हिस्सा दोन टक्के असो की पन्नास, क्लबकडे तुमचं नाव भागीदार म्हणून किंवा सिंडिकेटमध्ये, म्हणजे मालकांच्या नोंदलेल्या गटात, नोंदवलं गेलंय का ते स्वतः जाऊन बघा, "होऊन जाईल" वर थांबू नका.

भागीदारीच्या करारात एवढं तरी हवंच: कोणाचा किती हिस्सा, बिल किती तारखेपर्यंत भरायचं, एकाने नाही भरलं तर काय, घोडा विकायचा निर्णय कितीजणांच्या होकाराने, ट्रेनरशी बोलणार कोण, आणि घोडा रिटायर झाल्यावर त्याची जबाबदारी कोणाची. शेवटचं कलम लोक लिहितच नाहीत, त्यावर शेवटी येतो.

चौथी पायरी: ओनर म्हणून नोंदणी

क्लबच्या ऑफिसातून त्या वर्षाचा फॉर्म आणि कागदांची यादी घ्या, मित्राचा मागच्या वर्षीचा फॉर्म झेरॉक्स करून भरू नका. ओळखीचे, पत्त्याचे, पॅनचे कागद तयार ठेवा आणि तुम्हाला ओळखणारा जुना मालक किंवा ट्रेनर बरोबर असला तर काम सोपं होतं. नाव मंजूर करणं हे स्टुअर्डांच्या, म्हणजे रेसवर देखरेख करणाऱ्या क्लबच्या अधिकाऱ्यांच्या, हातात असतं. त्याबरोबर रंग नोंदवायचे, म्हणजे जॉकी तुमच्या घोड्यावर जो रंगीत शर्ट-टोपी घालतो ते. आधी कोणी घेतलेला रंग मिळत नाही, म्हणून दोन-तीन पर्याय काढून जा. आणि दुरून ओळखता येईल असा साधा ठेवा, आम्ही आठ जणांनी आठ मतं घालून जो केला तो सरळ धावपट्टीच्या टोकाला दिसायचाच नाही.

घोड्याचे कागद वेगळे. प्रत्येक थरोब्रेडची, म्हणजे रेससाठीच्या जातीच्या घोड्याची, नोंद इंडियन स्टड बुकात असते, त्याचं काम पुण्यातून चालतं, आई-बाप डीएनए टेस्टने खात्री केलेले असतात, घोड्याच्या मानेत मायक्रोचिप असते आणि पासपोर्ट असतो. घोडा घेताना पासपोर्टवरचे पांढरे डाग, भोवरे आणि समोर उभा असलेला घोडा जुळतोय का ते बघा. नाव ठेवायचं असेल तर इंग्रजी स्पेलिंगमध्ये स्पेस धरून १८ अक्षरांत बसवावं लागतं, छान मराठी नावं त्यात बसतात, आधी कोणी घेतलेलं नसेल तर. सगळ्या थरोब्रेडचं वय १ जानेवारीला एकदमच वाढतं, त्यामुळे मे मधलं शिंगरू जानेवारीतल्यापेक्षा मागे असतं, घेताना जन्मतारीख विचारा.

पाचवी पायरी: बिलाची शिस्त

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. तरुण घोडा घेतलात तर पहिली रेस बघेपर्यंत सात-आठ महिन्यांची बिलं सहज भरली जातात, त्या काळात एक रुपया आत येत नाही. समजा बिल महिन्याला ५० हजार आणि तुमचा हिस्सा एक अष्टमांश, तर महिन्याला सव्वासहा हजार, वर्षाला ७५ हजार, आणि हे घोडा कधीच जिंकला नाही असं धरून परवडतंय का ते बघा. परवडत नसेल तर आणखी लहान हिस्सा घ्या, त्यात कमीपणा नाही. आम्ही आठ जणांनी सहा महिन्यांचे पैसे आधीच एका खात्यात टाकून ठेवले, बिल आलं की तिथून जातं, कोणाला फोन करून मागायची वेळच आली नाही आणि आमची मैत्री टिकली त्याचं कारण हेच.

क्लबचे किंवा ट्रेनरचे पैसे थकले की प्रकरण वाढतं. रेसिंगच्या नियमांत फॉरफीट लिस्ट असते, थकबाकीदार मालकाचं नाव त्यात गेलं की त्याचे घोडे पळत नाहीत. भागीदारीत एकाच्या थकबाकीने सगळ्यांचं घोडं अडू शकतं.

अजून एक, घोड्याला बाहेरून काही खायला देऊ नका, प्रेमाने आणलेलं असलं तरी ट्रेनरला विचारल्याशिवाय नाही. रेसनंतर नमुने तपासले जातात आणि काही सापडलं तर पहिला जाब ट्रेनरला विचारतात.

सहावी पायरी: संघटनेत जायचं

आता मुख्य. संघटना नेमकं काय करते हे समजायला आधी स्टेकमनी कुठून येतो ते बघा, कारण घोडं पेंड खातं ते तिथेच. क्लबला पैसा मिळतो तो मुख्यतः टोट, म्हणजे क्लबची स्वतःची बेटिंगची खिडकी, आणि बुकींकडच्या कायदेशीर बेटिंगमधून, थोडा स्पॉन्सरकडून, थोडा आपल्याच एन्ट्री फीमधून. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच सांगितलंय की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, तरी टॅक्सच्या बाबतीत त्याचा उपयोग झाला नाही. बेटच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. शंभराची बेट लावणारा माणूस मग बेकायदा बुकीकडे जातो, क्लबचं उत्पन्न आटतं, त्याचा ताण स्टेकमनीवर येतो, आणि चंदीचा भाव मात्र वाढतच असतो. हे सरकारसमोर मांडणं, क्लबशी स्टेकमनी, ट्रेनिंग फी, सईसांचे पगार, तबेल्यांची दुरुस्ती, वाहतूक यावर बोलणं, हे काम एकटा मालक करू शकत नाही. २०२४ च्या जूनमध्ये कर्नाटक सरकारने बंगळूरला रेस आणि बेटिंगचं लायसन्स नाकारलं तेव्हा हायकोर्टात क्लबबरोबर मालक आणि ट्रेनरांच्या संघटनाही उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये मालकांची संघटना १९४५ पासून आहे आणि ट्रेनरांची वेगळी आहे.

मेंबर होण्याची पद्धत साधी असते. अर्ज, घोड्याच्या मालकीचा किंवा हिश्श्याचा क्लबच्या नोंदीतला पुरावा, एक सूचक, एक अनुमोदक, प्रवेश फी आणि वार्षिक वर्गणी. सूचक-अनुमोदक मिळवायला तुमचा ट्रेनर दोन जुन्या मालकांशी गाठ घालून देतो, म्हणून आधी ट्रेनर असं मी म्हटलं. पण चेक लिहायच्या आधी संघटनेची नियमावली, मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला ताळेबंद आणि शेवटच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर थांबा.

नियमावलीत मी काय शोधतो ते सांगतो. मत माणसाला एक की घोड्याला एक? घोड्याला असेल तर वीस घोडेवाला नेहमीच जिंकणार आणि लहान हिस्सेवाल्याचं कोणी ऐकणार नाही. सिंडिकेटमधल्या दहा जणांपैकी मेंबर कोण होऊ शकतं, सगळे की एकच प्रतिनिधी? घोडा रिटायर झाला किंवा विकला तर मेंबरशिप लगेच जाते की वर्षभर राहते? कोर्टकचेरीसाठी जादा वर्गणी लावायची असेल तर ती कमिटी ठरवते की सभा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालक आणि ट्रेनर दोघंही एकाच संघटनेत असतील तर मालक-ट्रेनरच्या भांडणात संघटना काय करते? सरकारसमोर आणि क्लबसमोर दोघांचं हित एक असतं, पण बिलाच्या बाबतीत एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई आहे, तिथे मध्यस्थीची ठरलेली पद्धत लिहिलेली पाहिजे. तुम्ही ट्रेनर म्हणून यायच्या विचारात असाल, म्हणजे सध्या असिस्टंट असाल, तर तुम्हीही हेच कलम आधी वाचा.

मेंबर झालात की पहिल्या सभेला जा, मागे बसा आणि ऐका. आमच्या बिलात वाहतूक दोनदा लागली होती हे मला अशाच एका सभेत शेजारी बसलेल्या आजोबांनी स्वतःचं बिल दाखवल्यावर कळलं, ट्रेनरला सांगितलं आणि त्याने पुढच्या महिन्यात वळती करून दिली. चूक हिशेबनिसाची होती, पण ताडून बघायला दुसरं बिल नसतं तर आम्ही भरत राहिलो असतो.

टॅक्स, थोडक्यात

बेटिंगमध्ये जिंकलेल्या पैशांवर सरळ ३० टक्के इन्कम टॅक्स आहे, त्यात खर्च वजा होत नाही. मालक म्हणून मिळालेला स्टेकमनी वेगळा धरला जातो, घोडे सांभाळण्यात झालेला तोटा त्याच उत्पन्नातून वजा होतो, पगारातून किंवा दुकानाच्या नफ्यातून नाही, आणि उरलेला तोटा चार वर्षं पुढे नेता येतो. म्हणून प्रत्येक बिल जपून ठेवा आणि सीएला घोडा घ्यायच्या आधी भेटा.

शेवटची पायरी: घोडा थांबतो तेव्हा

घोडा पाच-सहा वर्षांचा झाला की बहुतेक वेळा रेसमधून बाहेर पडतो, आणि जगतो पंचवीस वर्षांपर्यंत. चांगली घोडी स्टडला जाते, शांत स्वभावाचा घोडा रायडिंग स्कूलला चालतो, महालक्ष्मीला तर १९४२ पासून हौशी घोडेस्वारांचा क्लब त्याच आवारात आहे. पण लंगडा झालेला, कोणी न विचारणारा घोडा "कोणाला तरी दिला" एवढ्यावर हातातून जातो आणि मग कुठल्यातरी वरातीत किंवा गाडीला दिसतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्या मालकांशी मला नीट बोलता आलेलं नाही. करारात आधीच लिहा की रिटायरमेंटनंतर सहा महिन्यांचा खर्च भागीदारीच्या खात्यातून होईल आणि घोडा कोणाला द्यायचा ते सगळे मिळून ठरवतील. संघटनेत विचारा, कुठल्या रायडिंग स्कूलला जागा आहे ते तिथल्या लोकांना माहीत असतं, आमची फिली अशीच ओळखीतून एका शाळेत गेली. देताना फुकट देत असलात तरी घेणाऱ्याची सही, पत्ता आणि "पुन्हा रेसला पळवणार नाही, आम्हाला कळवल्याशिवाय दुसऱ्याला देणार नाही" एवढं लिहून घ्या, पासपोर्ट बरोबर द्या, आणि क्लब व स्टड बुक दोन्हीकडे त्याच आठवड्यात लेखी कळवा, कारण नोंद बदलेपर्यंत कागदावर मालक तुम्हीच असता.